मदत हवी आहे: ऑपरेशन होऊन हॉस्पिटलमध्ये आहे, मुलांना आणि घरच्यांना धीर कसा देऊ?

नाशिककर_आई

नमस्कार सगळ्यांना. बेडवरून मोबाईलवर टाइप करतेय, एका हाताला सलाईन आहे त्यामुळे चुका होतील, समजून घ्या.

मला मागच्या आठवड्यात रात्री पोटात प्रचंड दुखायला लागलं, उलट्या, ताप, रात्रीच इमर्जन्सीत आणलं. सीटी स्कॅनमध्ये कळलं की अपेंडिक्स फुटलंय आणि पोटात पू पसरलाय. दुर्बिणीने होण्यासारखं नव्हतं म्हणून मधोमध चीर देऊन ऑपरेशन केलं, मग आयसीयू, आता रूममध्ये आहे. नाकातली नळी निघाली, लघवीची निघाली, पोटाच्या बाजूची ड्रेनची नळी आणि पिशवी अजून आहे. पेज, नारळपाणी, मुगाचं कढण चालू झालंय. कोणाचा तरी हात धरून कॉरिडॉरमध्ये चालते. म्हणजे माझं चांगलं चाललंय, डॉक्टरही खूश आहेत. मला मदत हवीये ती घरच्या बाबतीत.

मुलगी चौथीत आहे, मुलगा सीनियर केजीत. मला नेलं तेव्हा दोघं गाढ झोपेत होते, सकाळी उठले तर आई नाही. सासूबाईंना त्या क्षणी जे सुचलं ते त्यांनी सांगितलं, आई ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलीये म्हणून. त्यांना दोष देत नाहीये, त्या स्वतः घाबरल्या होत्या, नवरा माझ्याबरोबर इकडे, आणि दोन पोरांचे डबे करून शाळेत पाठवायचं होतं. पण दुपारी शाळेतून येताना जिन्यात एका शेजारणीने धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "बिचारं पोर, आईचं पोट फाडलं रे तुझ्या." दोघांनी ऐकलं. संध्याकाळी नवरा तासभर घरी गेला तेव्हा त्याने सांगितलं की छोटंसंच ऑपरेशन आहे, उद्या-परवा येतेय आई. परवा होऊन गेला, मी अजून इथेच आहे. म्हणजे तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि आता मोठी कोणावरच विश्वास ठेवत नाहीये.

नाकात नळी होती तेव्हा एकदा व्हिडिओ कॉल झाला. धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन पालथा करून ठेवला. नळीमुळे माझा आवाज पण घोगरा झाला होता, तर "ही आई नाहीये" म्हणाला. आता नळी नाही, आवाजही बराचसा आलाय, तरी तो फोनवर यायला तयार नाही. आजीच्या मागे उभा राहून ऐकतो फक्त. रात्री अंथरूण ओलं करायला लागलाय जे केव्हाच बंद झालं होतं. आणि सासूबाई सांगत होत्या की झोपताना त्यांच्याजवळ येत नाही, मध्ये उशी ठेवतो आणि गादीच्या अगदी कडेला जाऊन झोपतो. माझ्याजवळ तर अंगावर पाय टाकल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

मोठी एकदम उलट. रडणं नाही, हट्ट नाही, भावाची बॅग भरते, वेणी स्वतःची स्वतः घालते, सगळे म्हणतात किती शहाणी पोर आहे. काल फोनवर शाळेतलं सगळं सांगितलं आणि ठेवताना हळूच म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावरचे आजोबा पण हॉस्पिटलमध्येच गेले होते ना?" ते आजोबा दिवाळीच्या आधी ॲडमिट झाले आणि परत आले नाहीत. मला काय बोलावं सुचेना, अगं मी बरी आहे एवढंच म्हटलं आणि फोन नवऱ्याकडे दिला, कारण रडू आलं की टाक्यांवर असा ताण येतो की हुंदकाही धड देता येत नाही.

त्यात माहेरची काळजी. आई-बाबा चाळीसगावजवळ खेड्यात असतात, बाबांना शुगर आणि बीपी, आईचे गुडघे गेलेत. भाऊ त्यांना सांगतो साधं अपेंडिक्स आहे, चुलतबहीण सांगते अगं सिरीयस होती ती. बाबा रोज म्हणतात मिळेल त्या गाडीने निघतो. आई फोनवर नुसती रडते आणि तिला समजावता समजावता मलाच धाप लागते.

तर मला विचारायचंय की मुलांना नेमकं काय आणि किती सांगू? धाकट्याला कसं जवळ करू, तो तर बोलतच नाहीये? इथे १२ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, त्यांना आणायचा हट्ट धरू की ड्रेन बघून अजून घाबरतील? मोठीने सरळ विचारलं की तू मरणार नाहीस ना तर काय उत्तर देऊ? आणि आईबाबांना कसं थांबवू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, रात्रभर हेच डोक्यात फिरतं.

शिशुवर्गबाई

ताई, आधी लवकर बऱ्या व्हा. मी बालवाडीत शिकवते, बरीच वर्षं या वयाच्या मुलांमध्ये आहे म्हणून लिहितेय. बाकीचं सगळे सांगतीलच, मला ती उशी खटकली. अंगावर पाय टाकून झोपणारा मुलगा अचानक मध्ये उशी ठेवतो आणि कडेला जातो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. या वयाची मुलं फार पटकन असं धरून चालतात की जे वाईट झालं ते आपल्यामुळे झालं. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, मी दूध सांडलं म्हणून बाबा चिडून गेले, असं. आणि ते आपणहून कधी सांगत नाहीत. तुमचा मुलगा रात्री पाय टाकून झोपला, सकाळी आई नाही, आणि दुपारी कोणीतरी सांगितलं आईचं पोट फाडलं. त्याने दोन अधिक दोन केलं असेल. नक्की सांगत नाही, पण विचारून बघा. थेट "तुझ्यामुळे झालं असं वाटतं का" असं नको, त्याच्या बाबांना सांगा की झोपताना सहज विचारा, आईच्या पोटात का दुखलं असेल रे? आणि मग गप्प बसून ऐकायचं, मध्ये दुरुस्त करायचं नाही.

अंथरूण ओलं होणं आपोआप थांबेल, त्यावर कोणी रागवू नका आणि मोठीच्या समोर बोलू नका. दोघांच्या वर्गशिक्षिकांना मात्र कळवा, शाळेत मूल गप्प झालं तर आम्हाला कारण माहीत असलेलं बरं असतं.

अमरावतीकर

ताई टेन्शन घेऊ नका, सगळं नीट होऊन जाते. माझी बायपास झाली होती तेव्हा पोरगा पाचवीत होता. एक सांगतो, डिस्चार्जची तारीख पोरांना अजिबात सांगू नका. आम्ही उद्या येतो म्हणून सांगितलं आणि पोरगा गेटवर बसून राहिला. डॉक्टरनं सकाळी जा म्हटलं तरी समरी बनणार, औषधाचं बिल लागणार, कॅशलेस असलं तर फायनल अप्रूव्हल यायचं. २०२४ पासून या अप्रूव्हलचा नियम तीन तासांचा केला आहे आयआरडीएनं, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, तरी सगळं धरून संध्याकाळ होते बऱ्याचदा. त्यापेक्षा पोरांना टप्पे सांगा. नाकातली नळी निघाली, आता पोटातली निघेल, मग मी भात खाईन, मग डॉक्टर जा म्हणतील. आमच्या पोरानं कागदावर लिहून भिंतीवर लावलं होतं आणि एकेक खोडत होता. दिवस मोजण्यापेक्षा ते बरं.

वॉर्डसिस्टर

मी सर्जिकल वॉर्डला ड्युटी करते. मुलांना वर सोडत नाहीत ते इन्फेक्शनसाठी, दोन्ही बाजूंनी, त्यावरून सिक्युरिटीशी भांडू नका. पण तुम्ही चालताय ना? मग राऊंडला डॉक्टरांना विचारा की व्हीलचेअरवरून खाली लॉबीत दहा मिनिटं जाऊ का. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात, सोबत आमच्यातलं कोणी किंवा मावशी येतात. सर्दीखोकला असलेलं मूल मात्र आणायचं नाही.

ड्रेनबद्दल. लपवून ठेवलं आणि शालीखालून अचानक दिसलं तर मूल जास्त घाबरतं. येण्याआधी घरीच सांगून ठेवायचं, आईच्या पोटातलं घाण पाणी बाहेर यायला एक बारीक नळी आहे, तिला पिशवी आहे, आईला दुखत नाही (दुखतंच थोडं पण सहन होतं, तेही सांगितलं तरी चालेल), नळी काही दिवसांनी काढणार. मग ओढणीने झाका. आणि भेटल्यावर जा आईला मिठी मार असं कोणी ढकलायचं नाही, तो लांब उभा राहिला तर राहू दे.

फोन कधी करायचा तेही बघा. पेनकिलरचा डोस झाल्यावर तासाभरात तुमचा चेहरा वेगळा असतो, मुलं चेहरा वाचतात. खोकला-हसू-रडू काही आलं तर उशी पोटाशी घट्ट धरून घ्या, टाक्यांना आधार मिळतो. श्वासाच्या व्यायामासाठी ते तीन बॉलचं स्पायरोमीटर दिलं असेल ना, ते व्हिडिओवर धाकट्याला दाखवा, किती बॉल वर जातात ते त्याला मोजायला सांगा. बोलणार नाही पण मोजेल. यात तुमचा व्यायामही होतो जो पेशंट लोक टाळतात.

रात्री झोप लागत नाही, डोकं फिरतं हे राऊंडला सांगा, त्याच्यावरही उपाय असतो. आणि नुसतं कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ टेली मानस आहे सरकारचं, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

मीनाकाकू६२

अगं बाळा, मोठीकडे बघ आधी. शहाणी पोर शहाणी पोर म्हणून तिला सगळ्यांनी मोठं करून टाकलंय आणि ती आतल्या आत घाबरलीये. सासूबाईंना सांग तिला म्हणावं डबा मी भरते, तू खेळायला जा. आजोबांचा विषय तिने काढलाय म्हणजे तिला तुझ्याकडून ऐकायचंय, तर टाळू नकोस. आजोबांचं वय झालं होतं, त्यांना वेगळा आजार होता, माझ्या पोटात पू झाला होता तो डॉक्टरांनी काढून टाकला, आता मी रोज थोडी थोडी बरी होतेय, एवढं सांग. तिने मरणाचं विचारलं तर घाबरू नकोस, तिने तोंडाने विचारलं हेच चांगलं. मला कधीच काही होणार नाही असं वचन देऊ नको, चौथीतल्या पोरीला ते खोटं आहे हे कळतं. त्यापेक्षा म्हण, डॉक्टर म्हणतात मी बरी होणार आहे, आणि काही बदललं तर तुला मी किंवा बाबा खरं सांगू, दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही. ते शेवटचं वाक्य तिच्यासाठी महत्त्वाचं, जिन्यात जे झालं त्यामुळे.

आईवडिलांचं म्हणशील तर मी आता त्या वयात आहे म्हणून सांगते. आम्हाला काही नाही काही नाही म्हटलं की आम्ही जास्त घाबरतो. त्यांना खरं सांग, अपेंडिक्स फुटलं होतं, धोका होता, आता टळलाय. भावाला सांग की सकाळी राऊंड झाला की डॉक्टर काय म्हणाले ते एकानेच, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, ग्रुपवर बोलून टाकायचं, बाकी कोणी आपल्या मनाचं जोडायचं नाही. तुझा आवाज रोज एकदा ऐकव, ठरलेल्या वेळी, दोनच मिनिटं. आणि त्यांना काम दे. तू घरी आल्यावर आईने येऊन राहायचं, तेव्हा तिची खरी गरज आहे, आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिचे गुडघे दुखवायचे कशाला. तसं सांगितलंस की ती थांबेल बघ.

नाशिककर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. शिशुवर्गबाई, तुम्ही बरोबर ओळखलंत. नवऱ्याने झोपताना विचारलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मी झोपेत लाथ मारली ना, म्हणून फुटलं." आजीला पण लागू नये म्हणून मध्ये उशी ठेवत होता. नवरा सांगताना रडला आणि मी इकडे, उशी पोटाशी धरून. आज व्हिडिओवर मी त्याला सांगितलं की पोटात आपल्या करंगळीएवढी एक नळी असते, ती आतून सुजली, ती कोणाच्या लाथेने सुजत नाही, तू झोपला नसतास तरी सुजली असती. त्याने तीन वेळा विचारलं, नक्की? मी तिन्ही वेळा सांगितलं. मग स्पायरोमीटरचे बॉल मोजले, दोनच वर जातात म्हणून नाराज आहे.

मोठीशी पण बोलले, काकूंनी लिहिलंय जवळपास तसंच. ती रडली आणि मग भावाची तक्रार केली, जे इतके दिवस केलंच नव्हतं. सासूबाईंना मी म्हटलं की आई, तुम्ही सांभाळलंत म्हणून मी इथे निवांत पडू शकते, फक्त आता सगळ्यांनी एकच सांगूया. त्या म्हणाल्या त्यांनाही खोटं बोलायला जड जात होतं. बाबांना खरं सांगितलं, थोडा वेळ गप्प होते, मग विचारलं किती दिवसांसाठी आईला पाठवू. लॉबीत भेटायचं डॉक्टरांनी ड्रेन निघाल्यावर बघू म्हटलंय.

सिस्टर, एक अजून. डॉक्टर म्हणालेत साधारण ६ आठवडे वजन उचलायचं नाही. हा मुलगा मी दिसले की थेट कडेवर चढणारा आहे. आत्ताच कुठे त्याच्या मनातून गेलंय, त्यात मी नको नको म्हणून हात आडवा केला तर परत त्याला वाटेल की माझ्यामुळे आईला दुखतं. काय करू?

वॉर्डसिस्टर

घरी जायच्या आधीच फोनवर सांगून ठेवा, दारात नाही. टाके वरून सुकतात पण आतले भरायला वेळ लागतो, त्यामुळे आई काहीच उचलणार नाही, बादली नाही, गॅस सिलिंडर नाही, दीदीची बॅग नाही आणि तुला पण नाही. सगळ्या यादीत तो आला की त्याला एकट्याला लागत नाही. घरी गेल्यावर तुम्ही आधी बसा, सोफ्यावर किंवा बेडवर, पाठीला टेकून, पोटावर उशी, मग त्याला शेजारी चढू द्या. चढेल तो स्वतः, तुम्ही ओढायचं नाही. बाजू निवडताना ड्रेनची जखम ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला. रात्री काही दिवस त्याला तुमच्या आणि बाबांच्या मध्ये नको, बाबांच्या पलीकडे, आणि तुमचा हात त्याच्यापर्यंत पोचेल असं. पोटाचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तरच लावा, मनाने नको. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोट फुगणं यातलं काही वाटलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, लगेच या.