जाड पण तंदुरुस्त: तुमच्या ओळखीत कोण आहे? (अनुभव धागा)

गिरगावची_लेक
भाची आठवीत आहे. शाळेत कबड्डीची निवड होती. सरांनी तिला नुसतं बघितलं आणि "तू स्वयंसेवकांत ये" म्हणून बाजूला काढलं. एक चढाईसुद्धा करू दिली नाही. काल फोनवर रडत होती आणि मला आमची मोठी आत्या आठवली.

आत्या अंगाने भरपूर. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत नळ तळमजल्याला, पाणी पहाटे साडेचारला. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर यायची. मधल्या वळणावर थांबायची ती शेजारणीशी बोलायला, दम खायला नाही. घरातली बारीक माणसं, माझे वडील धरून, एका बादलीत धापा टाकायची. सत्तरीत तिचं बीपी बघणारे डॉक्टर यंत्र दोनदा लावायचे, कारण आकडा चांगला यायचा आणि त्यांना पटायचं नाही. तरी एकही लग्नकार्य असं गेलं नाही की कुणी तिला "जरा वजन कमी कर गं" म्हटलं नाही.

वजन जास्त आणि तरी शरीर धडधाकट, अशी माणसं तुम्ही बघितली असतील, तुम्ही स्वतः असाल, तर लिहा. उलटे अनुभवही लिहा. डाएटच्या टिपा मात्र नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

विरार_फास्ट
माझी ऑफिसातली मैत्रीण! अंधेरीला उतरायचं म्हणजे काय ते इथे कुणाला सांगायला नको. ती पुढे, आम्ही तिघी तिच्या मागे, दोन सेकंदांत प्लॅटफॉर्मवर. पावसाळ्यात राजमाचीला कोंढाण्याच्या बाजूने चढलो होतो. जिमवाली मुलं वाटेत दोनदा बसली, ही वरपर्यंत एकाच लयीत, वर गप्पा चालूच. बोरिवली आलं, बसायला जागा मिळतेय बहुतेक, बाकी नंतर.

बोरिवलीचा_बॅट्समन
मार्च २०२५ विसरले का सगळे? चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना एका पक्षाच्या प्रवक्त्यांनी आपल्या रोहितला जाडा म्हटलं. ९ मार्चला दुबईत न्यूझीलंडविरुद्ध फायनल, ७६ धावा, सामनावीर, कप आपला. आणि सरफराज खान, त्यालाही वजनावरून बोलतात! ऑक्टोबर २०२४, बंगळुरू कसोटी, पहिल्या डावात अख्खी टीम ४६ वर गारद, दुसऱ्या डावात पठ्ठ्याने १५० काढल्या. भाचीला हे दाखव.

आकडेमोड
@बोरिवलीचा_बॅट्समन सामना हरलो होतो तो.

बोरिवलीचा_बॅट्समन
हरलो म्हणून १५० पुसल्या जातात का?

वेसावकर
आमच्या वेसाव्यात हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. माझी आजी पहाटे ससून डॉकला जायची. बर्फासकट भरलेली पाटी, दोघांनी धरून डोक्यावर द्यायची, खाली चुंबळ. मग लोकलचा लगेज डबा, मग दारोदार, मजले चढत. उतरवायलाही गिऱ्हाइकाचा हात लागायचा, एकटीने उतरणारी पाटी नव्हतीच ती. आजी जाड होती. मान, खांदे, पोटऱ्या दगड. ऐंशीच्या पुढे गेली तरी औषधाची गोळी माहीत नव्हती.

आता दुसरी बाजू सांगतो. आई मार्केटात ओट्यावर बसून धंदा करते. म्हावरं टेम्पोने येतं. आईची अंगकाठी अगदी आजीचीच, वजनही तेवढंच असेल. आईला पंचेचाळिशीत साखर निघाली. जेवण तेच, घराणं तेच. गेली ती डोक्यावरची पाटी. म्हणून कुणी जाड माणसाकडे बघून मत बनवलं की मला राग येतो. दिवसभर तो माणूस काय करतो ते तरी आधी विचारा.

गिरगावची_लेक
@वेसावकर अगदी डोळ्यांसमोर आली तुमची आजी. आमच्याकडे यायची कोळीण, तिची पाटी आत्याच उतरवायची, बाकी कुणाला झेपायची नाही.

चहा_दोन_कप
माझा अनुभव उलटा आहे. नवरा ५८ किलो. सासरी सगळे म्हणायचे, "त्याला काय होतंय, काडीपैलवान आहे." ऑफिसच्या तपासणीत जेवणानंतरची साखर २६० आली. कुणाचा विश्वास बसेना, लॅब बदलून परत केली. तीच. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मग एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. त्या आकड्यावर दोघे एकच. आपल्याकडे हात-पाय बारीक आणि चरबी पोटात, हे फार आहे म्हणे. नवऱ्याचं पोट शर्टात दिसत नाही, पण आहे.

त्यांना आता रोज संध्याकाळी चालायला नेते. सासूबाई अजून म्हणतात, "अजून किती वाळवणार आहेस त्याला?"

कांदेपोहे_स्पेशल
विषय सोडून विचारते, माफ करा. पाय रुंद आहेत, चालायचे बूट करंगळीला चावतात. दादर-माटुंग्याकडे कुठे मिळतील?

शिवाजीपार्क_कट्टा
@कांदेपोहे_स्पेशल दुकान कुठलंही असू दे, रुंदी विचारा. बायकांच्या बुटात डी म्हणजे रुंद, २ई म्हणजे त्याहून रुंद. पुरुषांत २ई आणि ४ई. दुकानदार एक नंबर मोठा गळ्यात मारतात, तो घेऊ नका, टाच सुटते. आणि संध्याकाळी जा घ्यायला, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.

कांदेपोहे_स्पेशल
अरे देवा, मी आयुष्यभर एक नंबर मोठाच घेत आले! धन्यवाद हो.

नवी_आई_जुनी_चाळ
बाळ झोपलंय तोवर लिहिते. बाळंतपणानंतर जिना चढताना धाप लागायची. माझं वजन आधीपासून जास्त, पण धाप कधीच नव्हती, सातव्या महिन्यापर्यंत दोन मजले सामान घेऊन चढत होते. डॉक्टरांकडे गेले तर खुर्चीत बसायच्या आधीच, "वजन कमी करा, सगळं ठीक होईल." दुसऱ्यांदा गेले, तेच. नाडी बघितली नाही, डोळ्याची पापणी खाली करून बघितली नाही. शेवटी नणंदेने दुसरीकडे नेलं. हिमोग्लोबिन ७.८. लोहाची सलाईन लावल्यावर काही आठवड्यांत धाप गेली. वजन जागच्या जागी होतं.

ते दोन महिने बाळाला उचलून घेताना मला भीती वाटायची आणि मला सांगितलं जात होतं की ही तुझ्या खाण्याची शिक्षा आहे. अजून मनातून जात नाही.

विरार_फास्ट
@नवी_आई_जुनी_चाळ मिठी तुला. नणंदेलाही.

चहा_दोन_कप
वाचून घसा दाटून आला. ७.८ वर बाळ सांभाळत होतीस तू. केवढी ताकद ती.

माटुंग्याची_फिजिओ
पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय, चुका सांभाळून घ्या. माझ्याकडे रोज दोन्ही प्रकारची माणसं येतात. नव्वद किलोच्या काकू खुर्चीवरून हात न टेकता सटासट उठतात आणि पंचावन्न किलोचा आयटीतला मुलगा पाचव्यांदा उठताना मांड्या थरथरवतो. घरी करून बघा: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. दर महिन्याला तोच खेळ. आकडा वाढला की मला आनंद, काट्याचं नंतर बघू.

काटा बघायचाच असेल तर जोडीला शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० च्या पुढे गेलं की साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात. परकरनाडीच्या जागी मोजू नका, बहुतेक जणी तिथेच मोजतात.

गुडघ्यांबद्दल मात्र गोड बोलणार नाही. आधीच झिजलेल्या गुडघ्यावर शरीराचं एक किलो कमी झालं की पावलागणिक चारेक किलोचा भार उतरतो. माणूस कितीही दमदार असला तरी. म्हणून मी मांडीचे स्नायू घट्ट करायला लावते आणि वजनाचंही बोलते, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत बोललं की माणूस परत येतच नाही.

पोहणाऱ्याचा_भाऊ
माझा मोठा भाऊ १०८ किलो. शिवाजी पार्कच्या तलावात सकाळी सलग पाऊण तास पोहतो, बाहेर येऊन लगेच बोलू शकतो. बसल्या जागी नाडी साठच्या आत. सगळे रिपोर्ट स्वच्छ. त्याला अनफिट म्हणणाऱ्याने त्याच्याबरोबर पाण्यात उतरून दाखवावं.

पण रात्री तो घोरायचा आणि मध्येच श्वास थांबायचा. वहिनी जागी राहून मोजायची, आता घेतो की नाही. दिवसा सिग्नलला गाडीत डुलकी. झोपेची तपासणी केली तर स्लीप ॲप्निया. मानेभोवतीची चरबी हे त्याच्या बाबतीत मोठं कारण निघालं. आता रात्री मशीन लावतो, चेहरा पार बदललाय. तो फिट आहे, हे मी छातीठोक सांगेन. फिट आहे म्हणून बाकी काही बघायचंच नाही, असं कुणी म्हणालं तर मात्र वहिनीच्या त्या रात्री आठवतात.

लालबागची_गोविंदा
दहीहंडीला या एकदा. वरची पोर सगळ्यांना दिसते, फोटोत तीच. पहिल्या थरात कोण असतं ते बघा. आमच्या महिला पथकात पहिल्या थराला सगळ्या भरलेल्या अंगाच्या मुली, सराव दोन महिने, मांडीवर नि खांद्यावर वळ उठतात. वरचा थर हलला तर सावरतात त्याच. लग्नाळू मुलींना नातेवाईक बारीक व्हायला सांगतात, आमच्या कोच ताई म्हणतात, "तू जागची हलू नकोस, बाकी मी बघते."

आकडेमोड
बीएमआयवर इतकं बोलतोय म्हणून थोडं. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या क्वेतले या गणितज्ञाने काढलं. त्याला समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आजारी कोण ते नाही. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी दिलं. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, इतरत्र २५ आणि ३०.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर: डॅलसला स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवलं आणि वर्षानुवर्षं त्यांची नोंद ठेवली. जाड पण दमदार पुरुषांपेक्षा बारीक पण दम नसलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. दुसरीकडे २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ३५ लाख लोकांचे दवाखान्यातले रेकॉर्ड तपासले. वजन जास्त पण साखर, बीपी, रक्तातली चरबी सगळं ठीक, अशांनाही हृदयविकार बारीक निरोगी लोकांपेक्षा जास्त झाला. पण तिथे दम कुणी मोजलाच नव्हता, फक्त रिपोर्ट बघितले होते. रिपोर्ट चांगले असणं आणि दम चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या सारख्या एकत्र करतो. माझं मत: भाचीला चढाई करू द्यायला हवी होती. दम तिथेच कळला असता.

चहा_दोन_कप
शेवटच्या दोन वाक्यांना शंभर लाइक.

कांदेपोहे_स्पेशल
आजच कळलं की मी परकरनाडीच्या जागीच मोजत होते 😄 फिजिओताई, तुमची वेळ कशी घ्यायची?

माटुंग्याची_फिजिओ
@कांदेपोहे_स्पेशल मेसेज करते.

ठाण्याहून_बावीस_वर्षं
उशिरा आलो. ९४ किलो, वय ४३, दीड वर्ष चालतोय, अधूनमधून पळतो. जानेवारीतली मुंबईची हाफ मॅरेथॉन करावी असं डोक्यात आहे. घरी सगळे म्हणतात आधी बारीक हो, मग पळ. कुणी केली आहे का या वजनात?

शिवाजीपार्क_कट्टा
मी केली, तुमच्याहून थोडं जास्तच वजन होतं. आधी डॉक्टर: बीपी, साखर, ईसीजी, घरात लवकर हृदयविकार असेल तर स्ट्रेस टेस्टबद्दलही (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) विचारा. मग बारीक व्हायची वाट बघू नका. सुरुवातीला चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, पूर्ण अंतर तसंच. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, येत नसेल तर वेग कमी. आठवड्यात दोन दिवस फक्त मांड्या आणि पोटऱ्यांचे व्यायाम. मांड्या घासतात तिथे व्हॅसलिन भरपूर, आणि सुती टी-शर्ट नको, घामाने जड होतो. मी पळालो त्या वर्षी सी-लिंकवर वारा सुंदर होता आणि सगळे तिथेच जोर काढत होते. तुम्ही काढू नका, पुढे पेडर रोडचा चढ आहे. तो मी चालत चढलो, आणि मरीन ड्राइव्हला त्यातल्या पुष्कळांना मागे टाकलं. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पार्कात कट्ट्यापाशी जमतो, ठाण्याहून पहिली स्लो पकडलीत तर वेळेत पोचाल.

ठाण्याहून_बावीस_वर्षं
येतो. बायकोलाही आणू का? तिला फक्त चालायचंय.

शिवाजीपार्क_कट्टा
आणा की. चालणाऱ्यांचा वेगळा गट आहे, नंतर चहा सगळ्यांचा एकत्र.