‘पोरांना नोकऱ्या द्या, दंगली थांबतील’?

सिडकोकर : हे वाक्य काल इथे कुणीतरी टाकलं आणि शंभर जणांनी माना डोलावल्या. डोकंच उठलं. दंगलीचं खापर प्रत्येक वेळी गरिबाच्याच माथी का? २ मार्च १९३० ला दलितांच्या प्रवेशासाठी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला बसलेल्यांत बहुतेक हातावर पोट असलेलेच होते. रामनवमीला त्यांच्यावर दगड पडले, तरी लढा काही वर्षं सत्याग्रहाच्याच वाटेने चालला, कारण दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं पुढे उभी होती. आणि ९/११ ला अमेरिकेत विमान धडकवणारा मोहम्मद अत्ता? हॅम्बुर्गला नगररचना शिकलेला. भुकेने माथी भडकत नाहीत, भडकवावी लागतात.

सातपूरवाला : १९३० राहू द्या, माझ्या भाच्याचं ऐका. कंत्राटी कामगार, सात महिन्यांनी ब्रेक. दुपारी तीनला टपरीवर बसलेला. मंडळाच्या दादाने टी-शर्ट दिला, नावाने हाक मारली. दगडफेकीच्या दिवशी हा गेला आणि सीसीटीव्हीत सापडला. आज कुठेही अर्ज केला की चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसतो, गेटवरूनच परत. बहीण दर तारखेला त्याचा तोच पांढरा शर्ट इस्त्री करते. हाताला काम असतं तर गेला असता का?

पंचवटीकर : मंडळाचं नाव काढलंत म्हणून सांगते. आमच्याकडे २१०० ची पावती फाडायला आले. मी ५०० म्हटलं. सकाळी स्कूटरची सीट फाडलेली! पूर्वी हीच पोरं रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडायची, आता नुसता डीजे.

मंडळवाला : ताई, सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. करोनात तुमच्याच गल्लीत डबे कोणी पोचवले?

पंचवटीकर : डबे दिलेत म्हणून सीट फाडायची मुभा मिळते?

मंडळवाला : फाडली आम्हीच, हे कशावरून? उगाच आरोप करू नका!

मालेगावचा : सीट पुरे. २००६ च्या स्फोटांत आमच्याकडची नऊ पोरं धरली. पाच वर्षं आत, दोषमुक्त व्हायला २०१६ उजाडलं. २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली, २०२५ मध्ये सातही आरोपी सुटले. मग मारलं कोणी? न्याय असा लोंबकळला की दोन्हीकडच्या भडकवणाऱ्यांना आयतं भाषण मिळतं. यावर कोणी बोलणार आहे का?

सिडकोकर : मालेगावकर, हे माझ्या मांडणीत नव्हतं. मान्य. सातपूरवाले, रिकामा हात लवकर सापडतो, एवढंही मान्य. पण शोधणारा कोण, ते विचारा.

सातपूरवाला : तेच विचारतोय. भाच्याला त्या दिवशी ‘चौकात ये’ म्हणून फोन कुणी केला, हे पोरानं जबाबात सांगितलंय. आरोपपत्रात ते नाव नाही.