डाव्या हाताचा ठेका, लेहरा की नुसती साथ?

अनुवादिका :
न्यू एज, म्हणजे शांत, ध्यानमग्न ढंगाच्या पियानोवादनावरील एका पाठमालेचा अनुवाद करीत आहे. अमेरिकी पियानोवादक जॉर्ज विन्स्टन यांच्या 1980 सालच्या 'ऑटम' या अल्बमपासून घराघरांत पोहोचलेल्या या वादनात उजवा हात सुचेल तसा विहरतो आणि डावा हात सुट्या स्वरांची एकच मांडणी फिरवत राहतो, उदाहरणार्थ मंद्र (खालच्या सप्तकातला) सा, मंद्र प, मध्य (त्यावरच्या सप्तकातला) ग आणि पुन्हा प. या मांडणीला मी 'ठेका' म्हटले, तर तबला शिकवणाऱ्या माझ्या मामांनी ठाम हरकत घेतली. आपले मत काय?

डग्गा :
मामांचे म्हणणे रास्त आहे. ठेक्याला मात्रा, खंड, टाळी, खाली आणि ठरलेले बोल असतात; स्वर नसतात. तबल्याच्या एकलवादनात पेटी किंवा सारंगी जो लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी एकच सुरावट, धरते, त्याचे काम मात्र हेच असते, कारण तो स्थिर राहतो म्हणूनच तबलजी मोकळा होतो. 'डाव्या हाताचा लेहरा' म्हणावे.

पायपेटी :
लेहरा ही स्वतःच एक चाल असते, डावा हात चाल वाजवत नाही. आपल्याकडे या कामाला शब्द नाही याचे कारण हातपेटीत आहे, कारण तिथे डावा हात भात्यावर अडकलेला असतो. पायपेटीने तो मोकळा केला, पण तेवढ्याने परिभाषा तयार झाली नाही. वादक 'पॅटर्न' म्हणतात, तोच ठेवावा.

मंद्रसप्तक :
'आकृतिबंध' हा चांगला रुळलेला शब्द असताना 'पॅटर्न' कशाला? शिवाय 'डाव्या हातचा' एवढेच लिहिले, तर वाचकाच्या मनात 'मळ' येतो, म्हणून 'डाव्या हाताने धरायचा आकृतिबंध' असे सविस्तर लिहावे. मला मात्र ती मांडणीच अधिक मोलाची वाटते. सा, ग, प मंद्रात जवळजवळ दाबले तर नाद गढूळ होतो. ग वरच्या सप्तकात नेला आणि स्वर लांबवणारे पेडल दाबून ठेवले की तो स्वच्छ उमलतो. या तीन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण 2:3:5 असल्यामुळे मला तिथे तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधारच ऐकू येतो.

पायपेटी :
हे प्रमाण पियानोवर तंतोतंत उतरत नाही. समान अंतरांच्या पट्ट्यांमुळे पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. पेटीवरचा जुना आक्षेप हाच होता, मग पियानोला सूट कशासाठी?

मंद्रसप्तक :
सूट देत नाही, पण पेडलखाली स्वर एकमेकांत मिसळतात आणि ते अंतर कानाला कमी बोचते.

अनुवादिका :
पुढच्या पाठात गंधार कोमल आहे. तिथे तंबोऱ्याचा दाखला कसा टिकणार?

डग्गा :
टिकतो. भीमपलासीत कोमल गंधार असूनही तंबोरा पंचमातच लावतात. सा आणि प तसेच ठेवून वर कोमल गंधार वाजवून पाहा.