धरलेला मासा पुन्हा सोडावा की घरी नेऊन खावा?

चर्चेचा प्रस्ताव (खानापूर)

गेल्या रविवारी असोग्याच्या खालच्या बाजूला मलप्रभेच्या काठी बेळगावहून आलेले तीन तरुण भेटले. लवचिक काठ्या, रीळ आणि प्लास्टिकचे चकाकणारे खोटे मासे असा त्यांचा सरंजाम होता. दोन तासांत त्यांनी चार मासे ओढले, प्रत्येकाला हातात धरून छायाचित्र काढले आणि पाण्यात सोडून दिले. खात का नाही, असे विचारल्यावर त्यांतला एक जण म्हणाला, 'काका, आम्ही शाकाहारी आहोत.' ते उत्तर मला अजून पचलेले नाही.

आमच्या घरी गळ टाकणे हा स्वयंपाकाचाच पहिला भाग होता. वडील परड्यात गांडुळे खणून करवंटीत भरून नेत आणि एका वेळच्या कालवणापुरते मासे मिळाले की दोरी गुंडाळून घरी येत. त्यात माशाचा जीव जाई हे खरे, पण तो कशासाठी गेला हे सांगता येत असे. ज्याला खायचे नाही त्याने केवळ झुंज अनुभवण्यासाठी दुसऱ्या जिवाच्या जबड्यात लोखंड का रुतवावे? माशाला वेदना होत नाहीत, असे आता ठामपणे म्हणता येत नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले, तेव्हा ते मासे खाद्य टाळू लागले आणि काही तर तोंड तळाच्या खड्यांवर घासू लागले. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास २००८ पासून मनाई आहे. जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला यातना देणे हा गुन्हा आहे आणि निव्वळ मौज हे तसे कारण मानले जात नाही. आपल्याकडे मात्र सोडून देणारा सुसंस्कृत आणि खाणारा अडाणी, असा उलटा समज रुजू लागला आहे. ज्याला मासा खायचा नसेल त्याने काठावर बसून पाणी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (बेळगाव)

मी त्या तिघांपैकी नाही. तरी गेली अनेक वर्षे मासे धरून सोडतो आहे, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. आपल्या वडिलांच्या काळी नदीकाठी चार गळ असतील. आज सुटीच्या दिवशी जांबोटीच्या बाजूला गाड्या लावायला जागा नसते. येणारा प्रत्येक जण 'एका कालवणापुरते' नेऊ लागला, तर हिवाळ्यानंतर आटत जाणाऱ्या डोहांत काय उरेल, याचा हिशेब आपणच करावा.

शिवाय सगळे मासे सारखे नसतात. कृष्णेच्या खोऱ्यातला खडस, म्हणजे महासीर जातीचा मोठा मासा, सावकाश वाढतो आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. अशी एक मादी कढईत गेली तर नदीच्या पुढच्या कित्येक पिढ्या जातात. कावेरीवर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने मासा सोडून देण्याची शिस्त रुजवली आणि नदीवर राखणदार नेमले. गळाच्या छंदातून मिळणाऱ्या पैशामुळेच तिथे पाण्यात जिलेटिनचे स्फोट करून मासे मारणाऱ्यांवर कोणाची तरी नजर राहिली.

सोडण्याचीही एक रीत आहे, ती त्या तरुणांनी पाळली की नाही हे मला ठाऊक नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही आणि गळ घशात खोल गेला असेल तर तो उपसण्याऐवजी दोरी कापावी. छायाचित्रासाठी मासा मिनिटभर हवेत धरणे म्हणजे धावून दमलेल्या माणसाचे नाक दाबण्यासारखे आहे. असे करणाऱ्यांविषयी माझाही संताप आपल्याएवढाच आहे.

प्रतिसाद (हुक्केरी)

आमचे घर हिडकलच्या पाण्यावर चालते, म्हणून मला हा वाद पोट भरलेल्यांचा वाटतो. कटला, रोहू यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, धरणात सोडली जातात ती वाढून विकली जावीत म्हणूनच. तो मासा सोडण्यात पुण्य नाही आणि खाण्यात पाप नाही. नदीचे नुकसान गळाने फारसे होत नाही. उन्हाळ्यात उरलेल्या डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारे आणि जिलेटिन फोडणारे एका रात्रीत बोटभर पिल्लांसकट सगळे संपवतात. त्यांना अडवायला आपल्यापैकी किती जण रात्री काठावर आले आहेत?

प्रतिसाद (निपाणी)

हुक्केरीच्या बंधूंचे म्हणणे मान्य करूनही खानापूरकरांना एक विचारावेसे वाटते. मृगाचा पाऊस पडून वेदगंगा-दूधगंगेला नवे पाणी आले की ओढ्यांतून, शेतांतून जे चढणीचे मासे वर येतात ते आपण सगळेच आवडीने खातो. (मीही खातो, आणि ती चव वर्षभर आठवते.) पण ते मासे अंडी घालायलाच वर येत असतात. मग 'पोटासाठी धरले' एवढ्याने आपण निर्दोष कसे ठरतो?

दुसरीकडे, बेळगावकरांनी चिलापी गळाला लागली तर ती कृपा करून सोडू नये. हा आफ्रिकेतून आणलेला मासा आहे, आणि एकदा पाण्यात स्थिरावला की भराभर वाढून स्थानिक माशांची जागा घेतो. कावेरीची गोष्ट त्यांनी अर्धीच सांगितली आहे. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली आपल्याच खडसाची पिल्ले तिथे सोडली गेली. पुढे छंदी मासेमारांच्या नोंदींतून असे दिसले की हा पाहुणा वाढत गेला आणि तिथला मूळचा मोठ्या वशिंडाचा महासीर घटत गेला. तो आता अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. मासा सोडणे म्हणजे संवर्धन, हे समीकरण त्यामुळे तपासूनच मांडावे लागते.

प्रस्तावकाचे उत्तर (खानापूर)

चढणीच्या माशांचा मुद्दा मला लागला. वडील आषाढात पिशवी भरून आणत तेव्हा त्यातल्या निम्म्यांच्या पोटात अंड्यांची गाबोळी असे आणि आम्ही मुले तिच्यासाठीच भांडत असू. यंदा पहिल्या पुरात मी ओढ्यावर जाणार नाही. घरच्यांना मात्र हे अजून सांगितलेले नाही.

चिलापी खावी आणि अंड्यांनी भरलेला खडस चुकून लागला तर सोडावा, हेही मी मान्य करतो. पण 'चुकून लागला तर सोडणे' आणि 'सोडण्यासाठीच धरणे' यांत मला अजूनही फरक दिसतो. बेळगावकरांनी हात ओले करण्याची रीत सांगितली, ती उपयोगी आहे. परंतु चैत्र-वैशाखात पाणी कोमट होते, त्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला मासा पोहत गेला तरी तासाभराने कुठल्या कपारीत उलटा होतो हे काठावरून दिसत नाही. निदान त्या दोन महिन्यांत तरी त्यांनी काठ्या घरी ठेवाव्यात, असे मी सुचवतो.

प्रतिसाद (बेळगाव)

चैत्र-वैशाखाचे मान्य आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत मी गळ टाकणार नाही. बाकीच्या दहा महिन्यांचे मात्र मान्य नाही. हुक्केरीच्या बंधूंनी हाक दिली तर मी रात्री डोहावर येईन, मात्र काठी गाडीतच असेल.