मदत हवी आहे : चिडाच्या बोन्सायच्या सुया आखूड कशा करायच्या?

नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम डेहराडूनला. इथल्या डोंगरउतारांवर चिडाची (हिमालयातल्या पाइनची) झाडं आपसूक उगवतात, म्हणून बोन्सायसाठी जपानी काळ्या पाइनऐवजी इथलंच झाड निवडलं. रोप रोपवाटिकेतलं आहे, जंगलातून उपटलेलं नाही. खोड अंगठ्याएवढं झालंय आणि साल भेगाळू लागलीय. फार देखणी दिसते.

अडचण सुयांची, म्हणजे सुईसारख्या पानांची. तीन-तीनच्या जुडग्यात येणाऱ्या या सुया २० ते ३० सेंटिमीटर लांब होतात. एवढ्याशा झाडावर त्या नुसत्या लोंबतात. जपानी काळ्या पाइनचे वसंतातले कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुडतात, मग दुसरी फूट आखूड सुयांची येते. चिडाला हे मानवतं का? जंगलात वणव्यानंतर कोवळी चिडं पुन्हा फुटतात हे खरं, पण कुंडीतल्या झाडाला तो ताण झेपेल? खुडायचं तर मे महिन्यात, की पावसाळा लागल्यावर?

शिवाय कुंडी बदलताना मुळांवरची उपयोगी पांढरी बुरशी टिकावी म्हणून जुनी माती किती ठेवता? सोटमूळ एकदम छाटावं की टप्प्याटप्प्याने?

पुण्या-नाशकात कुणी चीड कुंडीत वाढवला असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती देता तेही सांगा. फोटो टाकलेत तर फार मदत होईल.