‘अप्रभावी’ या शब्दाचं काय करायचं?

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. परवा मेंडेलचा वाटाणा चालू होता, म्हणजे आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे दाखवणारे त्याचे वाटाण्यावरचे प्रयोग. गोल बी प्रभावी, सुरकुतलेली बी अप्रभावी, असं फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, अप्रभावी आहे तर मग बी सुरकुतली कशी?”

पोराचं काही चुकलं नाही. अप्रभावी औषध म्हणजे गुण न येणारं औषध, अप्रभावी भाषण म्हणजे जांभया. इथे तर परिणाम डोळ्यांना दिसतोय! वह्या तपासताना याचीच भावंडं सापडली: ‘प्रभावी गुण जास्त लोकांत असतो’, ‘प्रभावी गुण चांगला असतो’. दोन्ही चूक. हाताला सहावं बोट असणं हा पुष्कळदा प्रभावी गुण असतो, तरी सहा बोटांचा माणूस क्वचितच भेटतो. ओ रक्तगट अप्रभावी, आणि ओ गटाची माणसं जिकडेतिकडे.

‘अप्रभावी’साठी मेंडेलने १८६६ च्या निबंधात जो शब्द (इंग्रजीत रिसेसिव्ह) वापरला त्याचा मूळ अर्थ ‘मागे सरणारा’ असा आहे. गोल आणि सुरकुतलेल्या वाणांच्या संकरात तो गुण मागे हटतो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो, म्हणून. त्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. ‘मागे सरणारा’मधली ती हालचाल ‘अप्रभावी’त कुठेच नाही. ‘सुप्त’ म्हणावं का? की ‘अव्यक्त’? तुम्ही काय वापरता?

———

ताई, ‘सुप्त’ नको. बियांची सुप्तावस्था आपण आधीच शिकवलेली असते. मुलांना वाटेल, हा गुण झोपलाय आणि पाणी घातलं की उठेल. सुरकुतलेल्या बीत काही जागं झालेलं नसतं. जनुकं जोडीने असतात, तिथे झाकणारा जोडीदार नसतो इतकंच. ‘अव्यक्त’लाही अडचण आहे. जनुकाची अभिव्यक्ती हा वेगळा विषय पुढे येतो, तिथे गाडी घसरेल.

जाता जाता एक खुपणारी गोष्ट सांगतो. ‘अनुवांशिक’ असं सर्रास छापलं जातं. अनुवंश अधिक इक, वृद्धी पहिल्या स्वराला, म्हणून आनुवंशिक. अनुषंगाचं आनुषंगिक होतं तसंच. पाठ्यपुस्तकात बरोबर आहे, शाळांच्या प्रश्नपत्रिकांत नसतं.

———

मी प्रयोगशाळेत काम करते. आम्ही आपसात मराठी बोलतानाही डॉमिनंट-रिसेसिव्हच म्हणतो, त्यामुळे शब्द सुचवायचा अधिकार मला नाही. पण तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते १९९० मध्ये मिळालं. सुरकुतलेल्या वाटाण्याच्या एका जनुकात डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे स्टार्चला फांद्या फोडणारं विकर (एन्झाइम) नीट बनत नाही. स्टार्च कमी, साखर जास्त; साखरेपायी कोवळ्या बीत पाणीही जास्त राहतं, आणि बी वाळली की साल सुरकुतते. जोडीतलं एक जरी जनुक धड असलं तरी काम भागतं, बी गोल. म्हणजे या ठिकाणी ‘अप्रभावी’ शब्दशः खरं आहे, फक्त ते जनुकाबद्दल, गुणाबद्दल नाही.

मात्र हा नियम करू नका. सिकलसेल या रक्ताच्या आजारात जनुक मोडलेलं नसतं. ते हिमोग्लोबिन बनवतं, फक्त त्यात एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एकच असं जनुक असलेल्या माणसाच्या रक्तातही ते हिमोग्लोबिन सापडतं, पण बहुधा त्रास होत नाही. म्हणून आजार अप्रभावी. जनुक मात्र चांगलं कामाला लागलेलं असतं!

———

मग भानगड शब्दाच्या अर्थात नसून व्याकरणात आहे. ‘अप्रभावी’ हे विशेषण आपण लाल-हिरव्यासारखं वापरतो, जणू तो त्या जनुकाचा कायमचा स्वभाव. ते खरं तर ‘धाकटा’सारखं आहे. एकुलत्या एकाला कुणी धाकटा म्हणत नाही. थोरला शेजारी असला तरच धाकटा. आणि घरोघरी पाहा, धाकट्याचं चालत नाही असं थोडंच आहे?

———

हा धाकटा मी उद्याच वर्गात नेणार.

माझी तक्रार ‘वाहक’वर आहे, म्हणजे आजाराचं एकच जनुक असलेल्या, बहुधा स्वतःला त्रास नसलेल्या माणसासाठीचा शब्द. एसटीत चालक आणि वाहक असतात, तेव्हा पोरं आधी तिकीट मागून घेतात; ते सोडा. पण आरोग्याच्या धड्यात ‘डास हा हिवतापाचा वाहक’ असं आपणच शिकवतो. मग सिकलसेलचा वाहक म्हटलं की मुलांच्या डोक्यात लागण येते. मला एका मुलीने विचारलं होतं, वाहकाच्या शेजारी बसलं तर चालतं का? हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. पुढे सोयरिकी जुळवताना हाच शब्द घरात जातो.

त्यातच ‘जन्मजात’, ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ एकमेकांच्या जागी फिरतात. डाउन सिंड्रोम जन्मजात आहे, एकविसावं गुणसूत्र जादा असल्यामुळे होतो, पण बहुतेक वेळा आईबापांकडून वारशाने आलेला नसतो. ‘आनुवंशिक’ म्हटलं की सासरचे आधी सुनेच्या माहेराकडे बघतात.

———

सगळ्यांचे आभार. आज वर्गात दोन वाट्या नेल्या. एकीत वाण्याकडचा उसळीचा पांढरा वाटाणा, दुसरीत बियाण्याच्या दुकानातलं गोड मटाराचं बी. पहिला गुळगुळीत, दुसरं सुरकुतलेलं. (बियाण्याला औषध चोळलेलं असतं, पिशवी उघडू न देता दाखवा.) आपल्या बोलण्यात ओला तो मटार आणि वाळला की वाटाणा, म्हणून ‘मटार वाळवला की तुमचा अप्रभावी गुण’ हे पटकन पोचलं.

फळ्यावर लिहिलं, ‘अप्रभावी: प्रभावी शेजारी असताना न दिसणारा’. परीक्षेत मात्र ‘अप्रभावी’ एवढा एकच शब्द लिहायचा, हेही सांगितलं. मागच्या बाकावरचा म्हणाला, “म्हणजे घरी ताई असताना मी.” त्याला बसायला सांगितलं.

‘वाहक’ला मात्र अजून काही सुचलेलं नाही. ‘धारक’ कसा वाटतो? शिधापत्रिकाधारक आठवतो, पण लागण तरी आठवत नाही.