मदत हवी आहे: कुकरमधलं पाणी 100 च्या वर कसं जातं?
नमस्कार मंडळी, लेक दहावीला आहे, अप्रकट उष्म्यावर (म्हणजे तापमान न वाढवता नुसती वितळण्यात किंवा वाफ होण्यात जाणारी उष्णता) अडलीये. काल पातेल्यात बर्फाचा चुरा घेऊन मंद गॅसवर ठेवला, चमच्याने ढवळत थर्मामीटर धरून बसलो होतो दोघी, शेवटचा खडा विरघळेपर्यंत पारा 0 च्या आसपासच, मग जो सरसर चढला! ग्रॅममागे 80 कॅलरी नुसत्या वितळण्यात जातात हे तिला पटलं, वाफ होताना 540 लागतात तेही. पण मग म्हणते, आई, उकळताना तापमान 100 वरच थांबतं तर कुकरमध्ये 120 कसं होतं? दाब वाढला की उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, वाढतो एवढं मला माहितीये, पण दाबामुळे पाण्याच्या रेणूंचं नक्की काय होतं ते सोप्या भाषेत कुणी सांगेल का प्लीज? तिला नुसतं पाठ करायला लावायचं नाहीये मला.